काकांचा रिपोर्ट

ती. आईला हैदराबादहून मुळशीकडे तोंड करून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझ्या पायाची सूज उतरली का?

कोंडाजीकाकांनी त्यांचा रिपोर्ट मला पाठवलाय. सख्ख्या भावाचंच, आपल्या आण्णांचंच दुखणं आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत पेशींना धरून ठेवणारं चिवट जाळं असतं. प्रयोगशाळेत मी रोज तेच बघते. ते झिजलं की भिंत फुगते आणि एक दिवस फुटते. काकांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून साडेसहा सेंटिमीटर रुंद झालीय.

आण्णा पोट धरून अंगणात कोसळले, तेव्हा काका म्हणाले होते, "जीपमंदी डिझेल न्हाई." दुचाकीवरून पिरंगुटला नेईपर्यंत आण्णा गेले. त्याच दुपारी काकांनी त्या जीपमधून रिसॉर्टचे पाहुणे फिरवले.

म्हणून आठ दिवस मी उत्तरच दिलं नाही. घाबरू देत म्हटलं.

आता पुण्यातल्या सर्जनची सोमवारची वेळ घेतलीय. त्या सर्जनच्या नावाची चिठ्ठी या पाकिटात आहे. ती आईकडून घ्या, असं काकांना कळवलंय.

आले की घरात घेऊ नकोस. "डिझेल व्हतं, वयनी," असं चारचौघांत त्यांच्या तोंडून ऐक, मगच चिठ्ठी दे.

मला ते मरायला नको आहेत, आई. हे बोललेलं आठवत त्यांनी पुष्कळ वर्षं जगावं.

तुझीच,
शुभांगी