सोन्याच्या बाटलीला हळद

३० सप्टें.
सोन्याचे सूक्ष्म कण जमले एकदाचे. सोन्याच्या क्षाराचं फिकं पिवळं पाणी उकळलं, सायट्रेट ओतलं. रंग गेला, काळसर झाला, मग डाळिंबी. कण एकसारखे. त्यांच्यावर खुणेचा रेणू चढवला; रमण यंत्राच्या आलेखात त्याचीच शिखरं दिसायला हवीत. नोव्हें.अखेर प्रबंध, नाहीतर पीएच.डी.ची नोंदणी रद्द. सहा वर्षं पाण्यात.

१ ऑक्टो., खंडेनवमी
कॉलेजच्या प्रयोगशाळेत पूजा. तराजू, हॉटप्लेट, बाटल्या. परिचर रशीदभाई नारळाकडे बघत, "सर, देवाचं झालं असन तं खोबरं आमाले बी द्या."

९ ऑक्टो.
कारंज्याहून पहाटेची एसटी. अमरावतीला यंत्रावर पाळी. खुणेची दोन शिखरं स्वच्छ. शेजारी तिसरं, सोळाशेच्या जरा पुढे. मार्गदर्शक मॅडम खूश. "हे नवीन आहे सर. पेपर होईल!" परतीत जपात लक्ष नाही. शिखरच.

१० ऑक्टो.
रशीदभाई बाटल्या पुसत होते. "सर, झाकनाखाली पिवळं काय लागून राह्यलं? धुऊ काय?"
"राहू द्या."
हळद. पूजेत मीच लावलेली, ओल्या बोटानं, दरवर्षीसारखी. आत उतरली असेल. पुस्तकात पाहिलं: हळदीचं शिखरही तिथंच.

१३ ऑक्टो.
मॅडमकडून पेपरचा मसुदा आला. पहिलाच परिच्छेद तिसऱ्या शिखराचा. हळदीचं अजून बोललो नाही. घरी बायकोला, सुनंदाला सांगितलं. म्हणाली, "तुमी नाई सांगतलं तं कोनाले समजते?" मग भाकरी उलटत, "पन तुमी सांगानच. मले मालूम हाय."

१४ ऑक्टो.
सांगितलं. मॅडमना, फोनवर. "सर, रसायनशास्त्र शिकवता ना तुम्ही?" मग म्हणाल्या, "नव्यानं करा. एक हळद घातलेली, एक बिनहळदीची. दोन्ही आणा." मध्ये दिवाळी, यंत्राची दुरुस्ती. पाळी थेट २७ नोव्हें. म्हणजे हातात तीन दिवस.

२६ नोव्हें.
दोन बाटल्या तयार. एकीत नखावर मावेल एवढी हळद, मुद्दाम. रशीदभाई, "आता बाटलीच्या आतच पूजा काय सर?" खूप दिवसांनी हसलो.
बिनहळदीच्या बाटलीतही शिखर आलं तर ते हळदीचं नाही, खरंच नवं. नाही आलं तर प्रबंधातलं अख्खं प्रकरण काढायचं, तीन दिवसांत पुन्हा लिहायचं. जमेल? माहीत नाही.
संध्याकाळी देवापुढे बसलो. शिखर येऊ दे, असं मागायला तोंड उघडलं होतं. मिटलं. जे आहे ते दिसू दे, एवढंही नीट म्हणवेना...
उद्या साडेपाचची एसटी.