बावखलाला दिलेला नारळ

दादा,

परवाच्या रविवारी मी पुन्हा मालकांच्या वाडीत गेले आणि पुन्हा हौदाखालच्या खड्ड्यात उतरून बूच काढलं. बाकी जे लिहीन ते याच्या मागचं-पुढचं आहे. पण ही गोष्ट आधी सांगते, म्हणजे तुम्हाला राग यायचा तो सुरुवातीलाच येऊन जाईल आणि उरलेलं तुम्ही शांतपणे ऐकाल. हयातीत तुम्ही लेकीचं कधी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाहीत. आता घ्याल, कारण आता तुम्हाला उठून जाता येत नाही.

वाडी तुम्हाला मी काय सांगणार. तुम्ही तिचे माळी होता, आपलं घरही तिच्याच कोपऱ्यात होतं. पण हल्ली सहलीला आलेल्या मुलींना ती मी समजावून सांगते, आणि तेव्हा माझ्या तोंडून तुमचीच वाक्यं बाहेर पडतात, याचा मला रागही येतो. मालकांच्या पणजोबांनी मुंबईहून हवापालटाला येण्यासाठी अर्नाळ्याच्या रस्त्याला ही वाडी केली. मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं पायऱ्यांचं तळं, त्याच्या काठावर रहाट, रहाटाचं पाणी उंच दगडी हौदात, आणि हौदाच्या तळाला चिंध्या गुंडाळलेलं लाकडी बूच. ते काढलं की पाणी खापराच्या नळांतून जमिनीखालून निघतं आणि तिन्ही कारंजी एकामागून एक उडायला लागतात. तिथून ते कोरीव दगडाच्या उतरणीवर चादरीसारखं पसरतं, मग पाटात, पाटातून पानवेलीला, केळींना, सोनचाफ्यांना, आणि उरलंसुरलं परत बावखलात. कारंज्यांना ना पंप ना वीज, नुसता उतार. तुम्ही पाहुण्यांना म्हणायचात, "घेतलेलं फिरून परत करतं, असं पाणी आहे हे." पाहुणे माना डोलवायचे. इतर दिवशी हौद मोटारीने भरायचा, पण रविवारी पाहुण्यांसाठी तुम्ही रहाटाला रेडा जुंपायचात, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचात आणि आम्हाला लांब उभं राहायला सांगायचात.

आम्हाला म्हणजे बायकांना. फुलं खुडायची आम्ही, पानांच्या कवळ्या बांधायच्या आम्ही, पाटातला गाळ काढायचा आम्ही. पण रहाटाला आणि बुचाला हात लावायचा नाही. बाईचा हात लागला की गोडं पाणी खारं होतं, आणि इथलं पाणी तर फिरून बावखलातच जातं, म्हणजे सगळंच नासायचं. हे कोणी पाहिलं होतं, ते कोणी विचारलं नाही. निंदणीला येणाऱ्या मावशी तेवढ्या हसत म्हणायच्या, "पानी सोडायचं बाप्यांनी, आन चिखल तुडवायचा आमी." तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. रोज सकाळी बूच काढायच्या आधी तुम्ही बावखलातलं ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचात, क्षणभर जिभेवर ठेवायचात, गिळायचात, आणि मगच कामाला लागायचात. मला ते फार आवडायचं. मला वाटायचं, मोठी झाले की मलाही असं करता येईल.

मी नववीत होते. तुम्हाला हिवताप आला होता, दोन गोधड्या घालूनही तुम्ही कुडकुडत होता. भाऊ क्रिकेटच्या सामन्याला गेला होता. आणि मालकांच्या आई नेमक्या त्याच रविवारी मुंबईहून माणसं घेऊन आल्या. हौद आदल्या दिवशीच भरून ठेवलेला होता. पाहुणे कोरड्या कारंज्याभोवती बसले होते, एकजण घड्याळ बघत होता. मालकांच्या आईंनी विचारलं, "माळीबाबा कुठे आहेत?" आणि आई पदर चाचपत उभी राहिली. मी खड्ड्यात उतरले. बूच फुगून घट्ट बसलं होतं. मी दगडाला पाय लावला आणि दोन्ही हातांनी ओढलं. आधी नळातली हवा घरघरली, मला वाटलं काहीतरी मोडलं, आणि मग वर कोणीतरी "आलं, आलं" म्हणालं. मी वर आले तेव्हा मालकांच्या आईंनी कारंज्याखाली हात धरला होता. "तू सोडलंस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "छान," त्या म्हणाल्या. दादा, चार वर्षं मी त्या वाडीत फुलं खुडत होते, मला तोवर कोणी छान म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी तुम्ही भिंतीला धरत स्वयंपाकघरात आलात. "बूच कोणी काढलं?"

"मी."

"कोणत्या दिवसांत काढलंस?"

मला प्रश्नच कळला नाही. आईला कळला. तिने डाळीचं भांडं चुलीवर असं आपटलं की थोडी डाळ सांडली. तुम्ही म्हणालात, "एवढं शहाणं व्हायचं काही कारण नव्हतं," आणि परत जाऊन झोपलात. तेवढ्यावर थांबलं असतं तर आज मी हे लिहायला बसले नसते. बापाचं एवढं बोलणं कोणत्या मुलीने ऐकलं नाही.

पण त्याच वर्षी दिवाळीपासून मालकांनी टँकरवाल्यांना पाणी द्यायला सुरुवात केली होती. तुळिंजकडे इमारती उठत होत्या, तिथल्या माणसांना पाणी हवं होतं, तेही खोटं नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जाड पाइप बावखलात पडलेला असायचा, आणि तो नीट बुडालाय की नाही हे बघायला मालकांनी तुम्हालाच उभं केलं होतं. बावखलाच्या खालच्या पायऱ्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या, त्या उघड्या पडल्या. होळीपर्यंत मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या, पानवेल पिवळी पडली. आईची डाळ शिजेना. ती दुपारभर चूल फुंकायची आणि डाळ तशीच दाण्यासारखी. मग एका सकाळी तुम्ही ओंजळ तोंडात घेतलीत आणि थुंकलात. तुम्हाला पाणी थुंकताना मी पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही तोंड पुसलंत, आणि पाइपाकडे बघितलं नाहीत. माझ्याकडे बघितलंत.

आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं आली. त्यांच्या विहिरींनाही चव फिरली होती. काय झालं, कसं झालं, असं ती विचारत होती, आणि तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "पोरीनं बूच काढलं होतं." बस्स, सगळ्यांना उत्तर सापडलं. येत्या अमावास्येला बावखलाची ओटी भरायची आणि क्षमा मागायची, असं ठरलं. मला नवं परकर-पोलकं घातलं. हातात नारळ, तांदूळ, खण. काठावर सगळी वाडी जमली होती. तुम्ही माझ्या मागे उभे होता आणि म्हणालात, "म्हण, चुकलं माझं." मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मोठ्यानं." मी मोठ्याने म्हटलं. मग मी नारळ पाण्यात सोडला.

त्या वेळी टँकरवाला काय करत होता, आठवतं? तो बिचारा चपला काढून, हात जोडून बाजूला उभा होता. आमचं झाल्यावर त्याने चपला घातल्या आणि इंजिन सुरू केलं. माझा नारळ तरंगत तरंगत पाइपाकडे ओढला गेला आणि त्याच्या तोंडाला जाऊन चिकटला. पाणी यायचं थांबलं. टँकरवाल्याने बांबू घेतला आणि नारळ बाजूला ढकलला. एवढ्या माणसांनी ते पाहिलं, दादा. एकालाही काही सुचलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोराच्या कामात अडथळा नको म्हणून संन्याशाला बांबूने ढकललं.

दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरावर सोनचाफ्याचं फूल होतं. आपल्या घरात सोनचाफा कधी राहायचा नाही, सगळा दादरच्या बाजाराला जायचा, आईच्या केसांतही मी तो पाहिला नव्हता. मला कळलं की ते तुम्ही ठेवलंय. मी ते नेऊन रेड्यापुढे टाकलं. त्याने हुंगलं आणि खाल्लं नाही, हेही सांगून टाकते. तुम्ही रहाटापाशी उभे होता आणि तुम्ही पाहिलंत. आपण दोघांनी त्यावर कधी शब्द काढला नाही, आणि मला त्या फुलाबद्दल आजही वाईट वाटत नाही.

कॉलेजात गेल्यावर मी बावखलाचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं. सरांनी ते तपासलं आणि फळ्यावर चित्र काढून दाखवलं. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. जमिनीत गोडं पाणी वर असतं आणि खारं खाली दबा धरून बसलेलं असतं. वरचं उपसत राहिलं की खालचं वर येतं. बाईच्या हाताचा त्या चित्रात कुठेही संबंध नव्हता. मी ते चित्र वहीत उतरवून घेतलं आणि तुम्हाला दाखवायला घरी आले. तोवर तुम्ही अंथरुणाला खिळला होता, आणि दारातच आईने डोळ्यांनी नको म्हटलं. मी वही मिटली. त्याच वर्षी तुम्ही गेलात. मला वाटत राहिलं की तुम्हाला खरं कळलंच नाही, तुम्ही भाबडेपणाने तसं बोललात, आणि भाबड्या माणसावर किती दिवस रागवायचं.

मग कितीतरी वर्षांनी, एका दुपारी मेथी निवडताना आई सहज बोलून गेली, "त्यांना ठाऊक होतं की टँकरनंच होतंय. पण मालकांना बोलणार कोण? घर त्यांच्या जागेत."

"मग माझं नाव का घेतलं?"

आईने एक काडी मोडली. "तू घरची होतीस ना."

दादा, तुम्हाला ठाऊक नसतं तर मी सोडून दिलं असतं. ठाऊक होतं म्हणून सोडत नाही. तुमचा हात दगडाखाली होता, हे मला समजतं. मूग गिळून गप्प बसला असतात तरी मी तुम्हाला बोल लावला नसता. पण तुम्ही गप्प बसला नाहीत. तुम्ही बोललात, आणि जे बोललात ते माझं नाव होतं. नववीतली मुलगी होते मी. त्यानंतर लग्नाला विचारायला आलेल्या माणसांपर्यंत ती गोष्ट माझ्या आधी पोचायची. म्हणून आज स्वच्छ सांगते, माझं चुकलं नव्हतं. तेव्हा मोठ्याने म्हणायला लावलंत, आता हेही मोठ्याने म्हणते. ती क्षमा मी परत घेते आणि तो नारळही.

पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत. पाणी खारं झाल्यावर टँकर आपोआप बंद झाले. कितीतरी पावसाळे गेले आणि बावखल हळूहळू पुन्हा गोडं झालं. मालकांच्या सूनबाईंनी वाडी शाळांच्या सहलींसाठी उघडली. मी आता शाळेत विज्ञान शिकवते, माझ्या नववीच्या मुलींना घेऊन गेले. रहाट रंगवलेला, पाट साफ केलेले, बाकं टाकलेली, आणि कारंजी कोरडी. सूनबाई म्हणाल्या, "हे कसं सुरू करायचं ते कुणालाच माहीत नाही." तुम्ही ज्याला शिकवलंत तो भाऊ कामणला गोदामात नोकरी करतो. त्याला मी फोन केला तर तो म्हणाला, "अगं, मी कुठे लक्ष दिलं होतं." मी पदर खोचला, हौद भरून घेतला आणि खड्ड्यात उतरले. मुली वरून वाकून बघत होत्या. हवा घरघरली, आणि मी खालूनच ओरडले, "घाबरू नका, आता येईल." आलं.

तेव्हापासून दर रविवारी मी जाते. मुलींना पाळीपाळीने खड्ड्यात उतरवते. निंदणीच्या मावशी आता खूप थकल्यात, त्यांनाही एकदा हाताला धरून उतरवलं. "माज्या हातानं काय खारं व्हायचं आता," असं म्हणत त्यांनी बूच उपटलं आणि तिथेच बसून पोट धरून हसल्या. आणि तुम्ही त्या संध्याकाळी जे दिवस विचारलेत ना, त्या दिवसांतही मी जाते. मुद्दाम जाते. पाणी आहे तसं गोडं आहे, पानवेल हिरवी आहे आणि मोगऱ्याची पानं शाबूत आहेत. तुम्ही येऊन बघावं अशी माझी फार इच्छा आहे, आणि तुम्हाला बघून लाज वाटावी अशीही आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. ते चित्र ज्या वहीत आहे, त्याच वहीत ठेवणार आहे. तुम्हाला दाखवायला आणलेल्या दोन्ही गोष्टी एकत्र राहतील.

एक राहिलं. बूच निघालं की मुली कारंज्यांकडे पळतात. मी मागे राहते, बावखलाच्या पायरीवर उतरते, आणि कोणी बघत नाही ना हे पाहून ओंजळभर पाणी तोंडात घेते. फळ्यावरचं ते चित्र मी दरवर्षी नववीला शिकवते, दादा. पाणी दर वेळी गोडंच लागतं. तरी दर वेळी चाखते.