दुपारी उजेड फेकून देणारे

१२ मार्च
आज पुन्हा! डोक्यावर रणरणतं ऊन आणि टेकडीवरचे सगळे सौर पॅनल बंद. इकडे आमच्या दारासमोरचं वीजकेंद्राचं धुराडं मात्र भकाभका ओकतंय. पोरगा तिथेच नियंत्रण कक्षात कामाला. म्हणतो, "बाबा, दुपारी वीज जास्त होते. बॉयलर एका मर्यादेखाली मंद करता येत नाही. मग उन्हाचीच बंद करायची."

मला सांगतोय! जन्म गेला माझा त्या बॉयलरपुढे. एकदा विझवला की पुन्हा पेट धरायला अख्खा दिवस खातो, म्हणून त्याचे लाड. फुकटचं ऊन फेकायचं, कोळसा जाळायचा — आणि दिवेलागणीला वीज कमी पडून आमच्याच गल्लीत अंधार! हिचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. मी वहीने वारा घालत बसलो.

डॉक्टर म्हणाले, राखेपासून लांब न्या यांना. ही कसली ऐकते! "धुराडं जाईल, मी नाही जाणार."

१५ मार्च
पुन्हा तेच. राग गिळून जेवलो. दोन्ही पचलं नाही.

२ एप्रिल
बॅटऱ्या आल्या! खोलीएवढाले पांढरे डबे, कोळशाच्या जुन्या आवारात रांगेने. शेजारी म्हणतो, "बॉम्ब आणून ठेवलेत." म्हटलं, "तुझ्या घोरण्यापेक्षा कमीच आवाज होईल त्यांचा!"

केंद्राच्या साहेबांनी सभेत सांगितलं — दुपारचं ऊन साठवायचं, संध्याकाळी वापरायचं. पावसाळ्याआधी बॉयलर कायमचा बंद. हिने खोकत खोकत टाळ्या वाजवल्या.

१० मे
संध्याकाळी दिवे जात नाहीत आता. पण दुपारी पॅनल अजून बंदच! का? पोराला विचारलं. ताटातून मान वर करेना.

"बॅटऱ्या दुपारी भरलेल्याच असतात, बाबा."

"कशाने?"

"रात्री एवढी वीज कुणालाच लागत नाही. बॉयलर मंदावत नाही. मग ती बॅटरीत भरतो."

"अरे, उन्हासाठी आणलेल्या डब्यात कोळसा कोंबता? लाज कशी वाटत नाही!"

"वरून हुकूम आहे. आणि बॉयलर विझला तर मी कुठे जाऊ? सांगा ना!"

ही मधे पडली. "अहो, पोराला दोन घास तरी सुखाने खाऊ द्या."

तोंडात शिव्या होत्या, पण समोर माझंच लेकरू.

२८ मे
बॉयलर बंद होणार नाही! बॅटऱ्यांमुळे तो म्हणे आता छान एकसारखा चालतो. अजून दहा वर्षं!!

तडक कचेरीत गेलो. साहेब म्हणतो, "आजोबा, बसा, पाणी घ्या." पाणी पाजतो मला! म्हटलं, माझ्या बायकोला हवा पाज आधी.

घरी येऊन हिला सांगितलं. हिने सरळ कपाटातून बॅग काढली.

३ जून
पोरगा सकाळी रात्रपाळीहून आला, दारातच उभा राहिला. रात्री त्याने बॅटऱ्या भरल्याच नाहीत. मग विजेला जायला वाट नाही, म्हणून बॉयलर विझवला. त्याला कामावरून काढलंय.

टेकडी दिवसभर चालू होती. धुराड्याला धूर नाही.

सकाळी हिनेच त्याला आत घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मला म्हणाली, "एवढं बडबडत होतात, आता बोला की!"

मी उठून पोराचं ताट वाढलं.