शहाजादीबींच्या दारापर्यंत चालत येण्याबाबत

प्रति,
मा. ज्येष्ठ नागरिक कल्याण अधिकारी,
अमरावती.

अर्जदार : श्रीमती शकुन देवराव काळबांडे, निवृत्त अव्वल कारकून, रा. बोरकर ले-आऊट, अमरावती.

विषय : सांजसोबत ज्येष्ठ नागरिक मंडळातील बंद पाडलेला तोल-व्यायामाचा वर्ग पूर्ववत सुरू करणे व मंडळाचे अध्यक्ष श्री. देवानंद गुल्हाने यांस त्यात सक्तीने दाखल करणेबाबत.

संदर्भ : मंडळाच्या सभागृहात माझ्या डोळ्यांदेखत झालेली दोन माणसांची पडझड.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय अर्ज सादर करते की,

१. माझे पती न्हाणीत घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले आणि अंथरुणाला खिळूनच गेले. तेव्हापासून मी घरात भिंत धरून चालू लागले व पुढे घराबाहेर पडणेच सोडले. आमच्या गल्लीच्या टोकाला शहाजादीबी राहतात. कपडे शिवून त्यांनी लेकरे शिकवली, स्वभाव हट्टी. त्यांनी मला दंडाला धरून मंडळाच्या सभागृहात नेले. तेथे सबीहा नावाच्या फिजिओथेरपिस्ट म्हाताऱ्या माणसांचा वर्ग घेत. खुर्चीचे हात न धरता उठणे, पावलापुढे पाऊल लावून रेषेवर चालणे, भिंतीवरचा स्टीलचा कठडा धरून एका पायावर उभे राहणे, असे साधेच व्यायाम. सबीहा सांगत, "काकू, पडाच्या भेवानं माणूस चालणं सोडते. चालणं सोडलं की पाय ढिले होते, अन् मग खरंच पडते." त्या हिवाळ्यात मी एकटी एस.टी.त चढून चांदूर बाजारला भावाकडे जाऊन आले. हे वर्गाचे फलित म्हणून नमूद करते.

२. त्यानंतर श्री. गुल्हाने अध्यक्ष झाले. त्यांना सभागृह सत्कार समारंभांसाठी हवे होते व कठडे फोटोत वाईट दिसत होते. सभेत ते म्हणाले, "म्हाताऱ्यायले काय सर्कशीत पाठवाचं हाय का?" पुष्कळ लोक हसले. कठडे कापून काढण्यात आले, खाली आरशासारखी फरशी बसवण्यात आली आणि सबीहाताईंना जागा नसल्याचे कळवण्यात आले. मी लेखी विरोध नोंदवला. त्यावर "ताई, आता आराम करा," एवढेच तोंडी उत्तर मिळाले.

३. नव्या फरशीवरचा पहिला सत्कार शहाजादीबींचा होता. त्यांना जायचे नव्हते, परंतु गल्लीतल्या सगळ्यांनी भरीस घातले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात स्मृतिचिन्ह, खांद्यावरून घसरणारी शाल, अशा अवस्थेत त्यांना मंचावरून उतरावे लागले. धरायला काही नव्हते, आणि असते तरी हात मोकळे नव्हते. त्या कुशीवर पडल्या. तो आवाज मी खुर्चीवर बसून ऐकला. श्री. गुल्हाने यांनी माईकवरून सांगितले, "घाबरू नका. म्हातारी माणसं पडतच असतात. कार्यक्रम चालू ठेवा." कार्यक्रम चालू राहिला. आम्ही शहाजादीबींना उचलून गाडीत घालत होतो तेव्हा आत पुढच्या सत्कारमूर्तीसाठी टाळ्या वाजत होत्या.

खुब्याचे ऑपरेशन झाले. शहाजादीबी घरी आल्या, पण पलंगावरून पाय खाली सोडेनात. मी आठवण करून दिली की मला चालते तुम्हीच केले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले.

४. यानंतर माझ्या मनात श्री. गुल्हाने यांच्याविषयी जे आले ते कार्यालयीन भाषेत मांडता येण्यासारखे नाही.

५. दिवाळीच्या साफसफाईत सबीहाताईंच्या वर्गाच्या खुर्च्या परत आणण्यासाठी मी सभागृहात गेले. फरशी नुकतीच धुतली होती, चौकीदार चहाला गेला होता. श्री. गुल्हाने कानाला मोबाइल लावून आपल्या खोलीतून बाहेर आले आणि घसरले. पडताना त्यांचा हात भिंतीवर नेमका जिथे कठडा होता तिथेच गेला. तिथे आता फक्त बुजवलेली भोके आहेत.

मी जवळ जाऊन उभी राहिले व म्हणाले, "अध्यक्षसाहेब, घाबरू नका. म्हातारी माणसं पडतच असतात."

त्यांनी उठून पाहिले, जमले नाही. मग म्हणाले, "ताई, हात द्या मले."

मी हात दिला नाही. पडलेल्या माणसाला ओढून उभे करू नये, आधी कुठे दुखते ते विचारावे, असा सबीहाताईंचा नियम आहे. मी नियम पाळला. पाळताना मला आनंद झाला, हेही लपवीत नाही. कपाटातली सत्काराची एक शाल काढून त्यांच्या अंगावर घातली, गाडी बोलावली आणि ती येईपर्यंत त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी मिटले नाहीत.

६. त्यांचे मनगट मोडले आहे व गुडघा सुजला आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितले असूनही ते भीतीने पलंग सोडत नाहीत. सबीहाताई व्यायाम करून घ्यायला त्यांच्या घरी जाऊ लागल्याचे कळताच मी सबीहाताईंना जाब विचारला. त्या म्हणाल्या, "काकू, पडलेला माणूस माझा पेशंट असतो. उभा राहिला की तुमचा दुश्मन. तेव्हा घ्या ताब्यात." मला ते पटले. पडून असलेल्या माणसाशी मला काही कर्तव्य नाही. मला ते आपल्या पायांवर उभे असलेले पाहिजेत.

सबब विनंती की, मंडळास आपल्या कार्यालयाची मान्यता असल्याने कठडे पुन्हा लावण्याचे, फरशी खडबडीत करण्याचे व सबीहाताईंना सन्मानाने बोलावण्याचे आदेश व्हावेत. वर्गात पहिले नाव श्री. गुल्हाने यांचे घालावे. त्यांना पहिल्या रांगेत, दाराकडून दिसेल असे उभे करावे, व हसायचे असेल त्यांना हसू द्यावे. त्यांचा मुलगा त्यांना पुण्यास नेणार असल्याचे ऐकिवात आहे. त्यांस तूर्त जिल्हा सोडण्यास मनाई करावी. शेवटी, काठी न घेता चालता येऊ लागताच त्यांनी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत पायी यावे व माईकवर उच्चारलेले ते वाक्य शहाजादीबींच्या तोंडावर, माईकशिवाय, पुन्हा म्हणून दाखवावे. हे आपल्या अधिकारकक्षेत बसत नसल्यास कृपया बसवून घ्यावे.

७. सदर मागणी मी काल शहाजादीबींना वाचून दाखवली. त्या पलंगावर पडूनच ऐकत होत्या. शेवटच्या मागणीला मात्र त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या, "आने दो उनको, शकुनबाई. मैं दरवाजे में खडी रहके मिलूंगी." मग त्यांनी सबीहाला बोलवायला सांगितले. आज सकाळी त्या पलंगाच्या कडेला बसल्या, पाय जमिनीला टेकवले आणि माझा खांदा धरून उठल्या. लगेच खाली बसल्या. थोडा दम घेऊन पुन्हा उठल्या.

तरी या अर्जावर आदेश काढण्यास आपल्याकडून थोडा विलंब झाल्यास माझी हरकत नाही. श्री. गुल्हाने यांच्याआधी शहाजादीबी उभ्या राहिल्या पाहिजेत.

आपली नम्र, परंतु काहीही न विसरलेली,
(सही)
शकुन देवराव काळबांडे
अमरावती, दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत : १) सभागृहाच्या भिंतीचा फोटो. २) शहाजादीबींच्या खुब्याचा एक्स-रे (पाहून परत करावा).