पाटी उतरवायचा खडक

आई, परवा मी धाकट्या डहाणूहून वरोरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गेले. आपल्याकडे रिक्षा मिळत असताना चालणाऱ्या बाईला दोनच कारणं चिकटवतात, नवस नाहीतर शुगर. गुंगवाड्याला ओट्यावर बसलेल्या एका बाईनं विचारलंच, "किती निघाली शुगर?" मी म्हटलं, "नवस आहे." तेव्हा तिनं उठून पाणी दिलं. तू असतीस तर दोन्ही कारणं सांगून चहासुद्धा उकळला असतास. जीभ मी तुझीच घेतली, तू ती बाजारात चालवलीस आणि मी पेपरात चालवते. तुझी मासळी तरी खपायची.

मला तुझा तो पाटी उतरवायचा खडक शोधायचा होता. वाढवणला बंदर होणार म्हणतात. गावोगावच्या भिंती 'बंदर नको' लिहून भरल्यात, आणि ज्यांची मी पेपरात टर उडवते ती बंदराची माणसं हसत हसत नकाशे दाखवतात. भराव पडल्यावर कुठला खडक उरणार, म्हणून घाई केली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मला वाटायचं, तो आहे तोवर तू त्या वाटेवर कुठेतरी आहेस.

सुक्या बोंबलांची भरलेली पाटी डोक्यावरून एकटीला उतरवता येत नाही, आणि उतरवलीच तर पुन्हा चढवता येत नाही. म्हणून वाटेत कुणीही भेटलं तरी आधी हात द्यायचा, मग बाकीचं. मी लहान असताना शेजारच्या काकीच्या घराशी आपलं बोलणं बंद होतं, समुद्रात डोल जाळी कुणी कुठे लावायची यावरून पुरुषांचं वाजलेलं. पण ती वाटेत भेटली की तू नुसती थांबायचीस. ती येऊन पाटी उतरवायची, दोघी एकमेकींकडे पाठ करून बसायच्या, आणि जाताना ती पाटी पुन्हा तुझ्या डोक्यावर द्यायची. एक शब्द नाही. मी विचारलं तर तू म्हणालीस, "माणसाशी अबोला, पाटीशी कसला?"

वाढवणच्या टेकाडाखाली मात्र तू मला म्हणतेस, "तू हो पुढं, मी आलेच." मी पुढं जाते, शिंपले वेचते, कंटाळते. तू बऱ्याच वेळाने येतेस, पाटी डोक्यावर, चेहरा धुतल्यासारखा. "पाटी कुणी उतरवली गो आई?" "खडकावर ठेवलेली. आहे एक छातीएवढा." तेवढ्यावर मी इतकी वर्षं काढली. कुणाची गरज नसलेली माझी आई आणि तिचा खडक.

परवा पाहिलं तर छातीएवढे खडक तिथं ढिगानं. मी एकेकापाशी उभी राहून समुद्राकडे बघत होते. फिरायला आलेल्या एका जोडप्याला माझी दया आली. फोटो काढून देऊ का, म्हणाले.

वरोरला आपल्या जुन्या घराशेजारी काकी अंगणात बोंबील वाळत घालत होती. आता पाठीत वाकली आहे. तिला खडकाचं विचारलं तर हसतच सुटली.

"तुजी आई केवढीशी होती गो. माज्या खांद्याला लागायची नाही. तुज्या छातीएवढा खडक तिच्या नाकाशी यायचा, पाटी त्यावर जाणार कशी?"

"मग उतरवायचं कोण?"

"मी. तुला पुढं धाडायची ना. तू घरी जाऊन बोलशील म्हणून. तुज्या तोंडाला तेव्हापासून दार नाही."

"काय बोलायचात दोघी?"

"काय नाय बोलायचो? रडायचो पण. हसायचो जास्त. तुज्या बापाची नक्कल करायची ती."

तू बाबांची नक्कल करायचीस. हे मला माहीतच नव्हतं. मी काकीच्या शेजारी बसून बोंबील लावू लागले आणि आणखी काय, आणखी काय, असं विचारत राहिले. "करून दाखव ना," म्हटलं. तिनं हात झटकले, म्हणाली, "ते तिलाच जमायचं."

आता बंदराच्या लोकांना मी नेमकं काय वाचवा म्हणून सांगू? दोन बायका नवऱ्यांना चुकवून बसायच्या ती जागा? नकाशात ती दाखवता येत नाही, आणि मलाही ती ठाऊक नाही. काकीला ठाऊक आहे, पण तिला तिथवर चालवत नाही.

हे लिहिलेलं कुठे धाडायचं नाही. पेपरात तर नाहीच, काकीला तसा शब्द दिलाय. निघताना तिनं मला सुकट बांधून दिली आणि गालावरून हात फिरवला. मला तिचा इतका हेवा वाटला की मी नीट निरोपसुद्धा घेतला नाही.