मोजून दिलेलं पाणी

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
८ एप्रिल २००७

प्रिय रसू,

फोन असताना आईला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं म्हणशील. शेजारच्या हंसाबेनचा जावई उद्या पहाटे मस्कतला निघालाय, त्याच्या हाती देतेय. घरातला फोन हॉलमध्ये, तुझे बाबाही हॉलमध्ये, आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत! काल कोपऱ्यावरच्या बूथवरून तुला लावलाही होता. तुझं हॅलो ऐकलं आणि ठेवून दिला.

तुझं झाड फुललंय, हे आधी सांगते. लग्नाआधी राई गावच्या नर्सरीतून तू ते डेझर्ट रोझ आणलंस तेव्हा मी नाक मुरडलं होतं. सुरणासारखा फुगलेला बुंधा आणि वर चार पानं. तू म्हणालीस, आई, आपल्याकडे पाणी एक दिवसाआड आणि तुझा स्वभाव विसराळू, तुला हेच झाड लाभेल. लबाड! पण खरं निघालं. अर्धी रेती, थोडी माती, विटांचे तुकडे, भरपूर ऊन, आणि पाणी कुंडी कोरडीठाक झाल्यावरच. टँकरच्या दिवसांत तुळस मान टाकायची, हे आपलं ठणठणीत.

मग बाबांचं डायलिसिस सुरू झालं आणि घरात दुसरं पथ्य आलं. सकाळी त्यांची स्टीलची बाटली भरून ठेवायची, दिवसभराचं पाणी तेवढंच. बाई गं, दारी आलेल्यापुढे आधी पाण्याचा तांब्या ठेवणारे आपण, आणि घरच्या माणसाला पाणी नाही म्हणायचं! मी त्यांच्यासमोर पाणी प्यायचंच सोडलं, ओट्याशी पाठमोरी उभी राहून प्यायची. टीव्हीवर सरबताची जाहिरात लागली की ते चॅनेल बदलायचे आणि मी लक्ष नसल्यासारखं दाखवायची.

दिवाळीच्या सुमारास झाड बिघडलं. पानं पिवळी, बुंधा दाबला तर पिकल्या केळ्यासारखा मऊ. हंसाबेन बघून म्हणाल्या, "भाभी, पिला-पिला के मार डाला इसको." मी चिडले. मी तर आठवडा आठवडा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही! मग एका दुपारी पडद्याआडून पाहिलं. तुझे बाबा आपली बाटली घेऊन कुंडीपाशी बसले होते आणि त्यातलं थोडं थोडं मुळाशी ओतत होते. मला बघून ओशाळून हसले. म्हणाले, "निदान एकाची तरी तहान भागू दे गं."

दोघांनी मिळून ते उपटलं. चीक विषारी म्हणून बाबांनी मला हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालायला लावल्या. सडलेलं सगळं कापलं, कापल्या जागी हळद भरली आणि झाड सावलीत तसंच उघडं टांगून ठेवलं. जखम सुकेपर्यंत माती नाही, पाणी नाही. बाबा रोज बोटाने चाचपून बघायचे. सुकल्यावर नव्या रेतीत लावलं, आणि आता पानं मोजकीच, पण फांदीफांदीच्या टोकाला गुलाबी फुलं आहेत. बाबांची खुर्ची मी तिथेच सरकवलीय.

रसू, त्यांच्या दुखण्याला अशी हळद नाही गं. हाताच्या शिरा आता सुई घेत नाहीत, हृदय थकलंय. गेल्या आठवड्यात त्यांनी डॉक्टरांना स्वतःच सांगितलं, डायलिसिस आता पुरे. मी रडले, रागावले, तुझी शपथ घातली. ते ऐकत नाहीत, आणि मलाही त्यांना ओढून न्यायचा धीर उरलेला नाही. डॉक्टर म्हणाले, थोडेच दिवस आहेत, मागतील ते द्या. तुझी नोकरी, छोटीची शाळा, म्हणून तुला कळवायचं नाही अशी त्यांची ताकीद आहे. ती मी मोडतेय. परवा फोनवर तू नेहमीसारखं विचारलंस, आई, पाणी मोजून देतेस ना? ते समोरच होते, मी हो म्हटलं. नाही देत गं आता. बाटली धुऊन वर ठेवून दिलीय. काल त्यांनी माठातलं गार पाणी मागितलं. डोळे मिटून, घोट घोट करत तांब्याभर प्यायले, आणि झाडाला मात्र थेंबही घातला नाही. मिळेल त्या विमानाने ये.

तुझीच,
आई