ढगातली भेसळ

४ मार्च
पोचले एकदाची! प्रयोगशाळा तळघरात आहे, पण स्वागत असं झालं की माहेरी आल्यासारखं वाटलं. आमच्या प्रमुख बाईंनी स्वतः माझी बॅग उचलली. काचेच्या पेटीत अणूंचा एवढासा ढग, लेझरनं गारठवून जवळजवळ निश्चल केलेला. त्यात दुसऱ्या मूलद्रव्याचा एकच अणू सोडायचा आणि त्याचं काय होतं ते बघायचं. त्या पाहुण्याला इथे 'भेसळ' म्हणतात. बाहेरून आले म्हणून माझंही तेच नाव पडलं. मी पोट धरून हसले. लेकीला इथला फोटो पाठवणार होते, पण बाई म्हणाल्या, आमच्याकडे फोटो शेवटी काढतात.

११ मार्च
भेसळ सोडली की भोवतालचे अणू तिला बिलगतात आणि त्यांना ओढता ओढता ती जड, मंद होत जाते. आज ते पडद्यावर पाहिलं, अंगावर काटा आला. ढगाचा फोटो मात्र एकदाच मिळतो, कारण त्यासाठी मारलेल्या उजेडानं ढगच उधळतो.
माणसं इथली फार मायाळू. जेवताना माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसतात, हात धुवायलाही सोबत येतात. एवढे लाड तर सासरी कुणी केले नाहीत! लेकीची किती आठवण येते तेही मी बाईंना सांगून टाकलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं.

१९ मार्च
पाय जड झालेत. सिलिंडर तोलायच्या काट्यावर उभी राहिले, तर वजन दुप्पट. कपडे मात्र सैल होतायत. बाई नुसतं "छान" म्हणाल्या. यात छान काय आहे?
बोळात आधीच्या भेसळींचे फोटो लावलेत, प्रत्येकाचा एकच. ही मंडळी आता कुठे असतात, असं विचारलं. सगळे आणखी जवळ सरकले.

२३ मार्च
दारापर्यंत गेले. कुणी अडवत नाही, हात लावत नाही. नुसते भोवती उभे राहतात. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल उचलेना. मला घरी जायचंय. रडले तर थेंब गालावरून किती वेळात उतरतो ते त्यांनी मोजलं.

२६ मार्च
नवऱ्याचा फोन. बाईंनी तिकिटं पाठवलीत, लेकीला घेऊन येतोय म्हणाला. नको येऊ, एवढंच म्हणायचं होतं. 'न' ओठांवर येईपर्यंत तो हसला, किती सुस्तावलीस म्हणाला आणि फोन ठेवला.
बाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "एका भेसळीचं बघून झालं. आता दुसरी घालायची. दोघी एकमेकींकडे कशा ओढल्या जातात, ते बघायचंय."
मीच सांगितलं होतं त्यांना. मीच —

२८ मार्च
नवऱ्याला वर चहाला बसवलंय. ती एकटीच खाली आली. पळ म्हणायचं होतं — तोंड उघडेपर्यंत मांडीवर येऊन बसली. "आई, तू उठत का नाहीस?"
सगळे भोवती. बिलगून. तिचेही पाय आता —
बाईंनी फोटोचा दिवा आणलाय. पेन माझ्या हातात राहू दिलंय, किती हलतं ते बघायला.
लेकीला हसायला सांगतायत. हसतेय ती. ढकलायचंय तिला, बाजूला, लांब — हात निघालाय माझा — अजून पोच